मदत हवी आहे: बेसबॉल ड्राफ्टच्या 11 ते 20 फेऱ्यांत नाव आलं तर मुलाने सही करावी की कॉलेजला जावं?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत ज्यांच्या घरची मुलं बेसबॉल खेळतात, किंवा ज्यांनी ड्राफ्ट (मेजर लीगचे, म्हणजे इथल्या सगळ्यांत वरच्या व्यावसायिक लीगचे संघ फेऱ्यांमागून फेऱ्या घेऊन नवे खेळाडू निवडतात तो) जवळून पाहिला आहे, त्यांचा सल्ला हवा आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा 18 वर्षांचा, उजव्या हाताचा पिचर (चेंडू फेकणारा). या महिन्यात त्याचं हायस्कूल संपतंय. चार वर्षांच्या एका कॉलेजात प्रवेश पक्का आहे, तिथे फीचा साधारण अर्धा भाग स्कॉलरशिपमधून सुटतो. गेल्या हिवाळ्यानंतर त्याच्या फास्टबॉलचा वेग चांगलाच वाढला आणि स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) सामने बघायला यायला लागले. दोन संघांची माणसं घरीही येऊन गेली. पहिल्या 10 फेऱ्यांची आशा धरू नका, त्यानंतर कुठेतरी नाव येऊ शकतं, असं दोघांचं म्हणणं. आणि दोघांचा प्रश्नही एकच, "तुमचा आकडा किती?" म्हणजे सही करायला किती बोनस (सहीच्या वेळची रक्कम) हवा.

तिथेच आमचं घोडं अडलंय.

मला जे कळलंय ते लिहिते. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. ज्या संघाने नाव घेतलं, त्याच्याशीच बोलायचं. पहिल्या 10 फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीसाठी लीगने एक रक्कम ठरवलेली असते आणि त्यांची बेरीज म्हणजे त्या संघाचा बोनसचा पूल. वरच्या फेरीतल्या मुलाने सही केली नाही तर त्याच्या जागेची रक्कम पुलातून वजा होते, म्हणून तिथे संघ फार जपून निवडतात. 11व्या फेरीपासून तसं काही नाही. दीड लाख डॉलरपर्यंतचा बोनस पुलात धरलाच जात नाही, त्यावर जे काही द्यायचं तेवढंच पुलातून जातं. मुलगा नाही म्हणाला तरी संघाचं काहीच जात नाही. म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत नाव येणं हे संघाने दिलेलं वचन नव्हे, हे मला कळतं. घरच्यांना ते पटवणं मला जमत नाहीये.

आमच्याकडे सगळे माइक पियाझा या जुन्या खेळाडूचं नाव घेतात. 1988 साली डॉजर्स संघाने त्याला 62व्या फेरीत घेतलं, तेही संघाचे तेव्हाचे मॅनेजर टॉमी लसोर्डा यांच्याशी असलेल्या घरोब्यामुळे, आणि तो हॉल ऑफ फेमपर्यंत (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीपर्यंत) गेला. पण आता 62वी फेरी आहेच कुठे? 2019 पर्यंत 40 फेऱ्या होत्या, कोविडच्या वर्षी फक्त 5, आणि 2021 पासून 20. शिवाय 2021 मध्येच मेजर लीगशी जोडलेले मायनर लीगचे (सही केलेली मुलं वर जाण्याआधी जिथे खेळतात ते) संघ कमी करून 120 वर आणले. खालच्या फेरीतल्या मुलाला चार-पाच वर्षं मुरायला मिळायची ती जागाच आक्रसली आहे. पगाराचं म्हणाल तर मायनर लीगच्या खेळाडूंच्या 2023 च्या करारानंतर परिस्थिती खरंच सुधारली. त्या करारात सगळ्यांत खालच्या पातळीवर वर्षाला 19,800 डॉलर, ट्रिपल-ए (सगळ्यांत वरची पातळी) मध्ये 35,800 ठरले, आणि राहायची सोय बहुतेकांना संघच करून देतो. तरी न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाने 19,800 वर आयुष्य उभं करायचं म्हणजे बोनस हीच खरी शिदोरी.

मुलाचा कल सही करण्याकडे आहे. त्याला रोज बेसबॉल खेळायचा आहे, बाकी काही नको. त्याच्या डोळ्यांतला आनंद मला दिसतो आणि मला त्याच्या आड यायचं नाही. पण एकदा सही झाली की कॉलेजचा बेसबॉल कायमचा बंद. आणि चार वर्षांच्या कॉलेजात गेला तर तीन वर्षं, किंवा 21 वर्षांचा होईपर्यंत, ड्राफ्ट नाही. त्यात खांदा किंवा कोपर गेलं तर?

माझे प्रश्न: आकडा सांगताना तुम्ही काय काय धरलंत? कॉलेजच्या खर्चाची हमी करारात लिहून घेता येते म्हणतात, ती प्रत्यक्षात कशी असते? आणि ज्युनिअर कॉलेजचा (इथलं दोन वर्षांचं कॉलेज) मार्ग कोणी घेतलाय का?

प्रतिसाद 1

ताई, माझा भाचा या सगळ्यातून गेलाय. आकडा ड्राफ्टच्या आधी घरात बसून पक्का करा आणि मुलाच्या तोंडूनच तो वदवून घ्या. दुसऱ्या दिवशी निवडी भराभर होतात, फोन येतो आणि उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. दीड लाख ही मर्यादा समजू नका. बरेच संघ वरच्या फेऱ्यांत कॉलेजचं शेवटचं वर्ष संपवलेली मुलं स्वस्तात घेऊन पैसे वाचवतात आणि 11व्या फेरीत तेच पैसे हायस्कूलच्या मुलासाठी काढतात. तुमच्याशी बोलणाऱ्या स्काउटला स्पष्ट विचारा, वाचलेला पूल आमच्यासाठी आहे की फक्त दीड लाख?

कॉलेजच्या हमीला कॉलेज स्कॉलरशिप प्लॅन म्हणतात. ती बोनसपेक्षा वेगळी. किती सेमिस्टर आणि प्रत्येक सेमिस्टरला किती डॉलर, हे मूळ करारातच असलं पाहिजे, मागाहून घालता येत नाही. खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करावं लागतं. रक्कम ठरवताना तुमच्या कॉलेजची आजची फी धरू नका, पाच-सहा वर्षांनी ती किती असेल ते धरा.

प्रतिसाद 2

नाही म्हणणाऱ्यांचीही नावं घरच्यांना सांगा. पॉल गोल्डश्मिटला 2006 मध्ये डॉजर्सनी 49व्या फेरीत घेतलं होतं. त्याने सही केली नाही, टेक्सास स्टेटला गेला, 2009 मध्ये आठव्या फेरीत आला आणि 2022 मध्ये नॅशनल लीगचा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला. अल्बर्ट पुहोल्स 1999 चा 13व्या फेरीतला. त्यानेही पहिली ऑफर नाकारली, उन्हाळाभर खेळला आणि जास्त पैसे घेऊनच सही केली. तो ज्युनिअर कॉलेजमधूनच आला होता.

त्या मार्गाचा फायदा असा की दर वर्षी ड्राफ्टला पात्र राहता येतं. शिवाय 11व्या फेरीनंतर निवडलेला मुलगा ज्युनिअर कॉलेजात गेला तर तोच संघ पुढच्या ड्राफ्टच्या थोडं आधीपर्यंत त्याला करार देऊ शकतो. तोटा म्हणजे तुमची सध्याची स्कॉलरशिप जाते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. "वाचलेला पूल की फक्त दीड लाख" हा प्रश्न मी लिहून ठेवलाय. आता एकच विचारते. आमच्या ओळखीचा एक सल्लागार आमच्या वतीने संघाशी बोलायला तयार आहे. सही झाली नाही तर त्यामुळे मुलाच्या कॉलेजकडून खेळण्याच्या पात्रतेला धक्का लागेल का?

प्रतिसाद 1

त्या सल्लागाराला अजून काही बोलू देऊ नका. हायस्कूलच्या मुलांसाठी हे नियम गेल्या काही वर्षांत सैल झालेत, पण सही केली नाही तर कॉलेज सुरू व्हायच्या आधी सल्लागाराशी संबंध संपवावा लागतो. तुमच्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाडूंच्या नियमांचं पालन बघणारं ऑफिस) आजच ईमेल करा आणि उत्तर लेखीच मागा. त्याच ईमेलमध्ये हेही विचारा की पहिल्या वर्षाच्या पिचरसाठी संघात जागा पक्की आहे का. कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देण्याबाबत कोर्टात झालेल्या नव्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना 2025-26 पासून 34 खेळाडूंची मर्यादा आहे आणि ट्रान्सफर होऊन येणारी मोठी मुलंही त्याच 34 मध्ये बसतात. कॉलेजच्या बाजूचं उत्तर हातात आल्याशिवाय स्काउटला आकडा सांगू नका.