मदत हवी आहे: बेसबॉलमधले डबल-एचे आकडे मेजर लीगच्या मापात आणताना गुणक कसा काढावा?

नमस्कार मंडळी. मायनर लीगमधल्या (मेजर लीगच्या खालचे स्तर; त्यात डबल-ए आणि त्याच्या वर ट्रिपल-ए) बॅटरसाठी मॉडेल बांधतोय. वॉक (चार चेंडू झोनबाहेर गेल्यावर बॅटरला मिळणारा फुकटचा पहिला बेस) आणि स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद) प्रमाण त्या वर्षाच्या लीग-सरासरीशी ताडून घेतलंय, वयही धरलंय. डबल-एत २० वर्षांच्या आणि २५ वर्षांच्या पोराचे आकडे सारखे असले तरी किंमत सारखी नसते. पार्क फॅक्टर (मैदानामुळे आकड्यांत पडणारा फरक) तीन हंगामांचा घेतलाय, कारण अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात पाच हजार फुटांवर चेंडू लांब जातोच.

गाडी अडलीय ती गुणकावर, म्हणजे खालच्या स्तरावरचा आकडा कितीने गुणला की मेजर लीगचा अंदाज मिळेल, यावर. त्यासाठी दोन्ही स्तरांवर खेळलेलेच खेळाडू हाती लागतात आणि बढती बहुधा ऐन फॉर्मात मिळते. मग वर गेल्यावरची घसरण गोलंदाजी कठीण म्हणून किती आणि आधीचं नशीब ओसरलं म्हणून किती, हे सुटं होत नाही. नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून प्रत्येकाच्या आकड्यांत आधी सरासरी दर्जाचे प्लेट अपिअरन्स (बॅटरच्या पाळ्या) मिसळावेत (स्ट्राइकआउटसाठी ६०, वॉकसाठी १२०) आणि मग गुणक काढावा, की मिक्स्ड मॉडेलमध्ये (दोन्हींचा परिणाम एकाच वेळी मोजणारं संख्याशास्त्रीय मॉडेल) खेळाडू आणि स्तर एकत्रच टाकावेत?

शिवाय २०२३च्या ट्रिपल-एत निम्मे सामने पूर्ण स्वयंचलित स्ट्राइक झोनवर (चेंडू स्ट्राइक की नाही हे यंत्रच ठरवतं) झाले, उरलेले चॅलेंज पद्धतीवर (निर्णय पंचाचा, पण खेळाडू त्याला यंत्राकडे आव्हान देऊ शकतो). तिथले वॉक तुम्ही वेगळे काढता का? आर किंवा पायथन, कोणताही कोड चालेल.