नास अल गिवान : रूपकांतून निषेध

प्रश्न : मोरोक्कोतील कासाब्लांका शहराच्या हय मोहम्मदी या कामगारवस्तीतून १९७० च्या सुमारास पुढे आलेल्या नास अल गिवान या संगीतवृंदाला, राजे दुसरे हसन यांच्या दडपशाहीच्या काळात, अन्यायाविरुद्ध गाणे कसे शक्य झाले?

उत्तर १ : थेट आरोप टाळून त्यांनी सुफी पदे, जुने लोककाव्य आणि बोली अरबीतील रूपके यांचा आधार घेतला, त्यामुळे श्रोत्यांना अर्थ उमगे, पण शब्दांवर बोट ठेवणे अवघड जाई.

उत्तर २ : वाद्यांचा वाटाही मोठा आहे. गनावा या मोरोक्कोच्या धार्मिक संगीतपरंपरेतील, वृंदाचे वादक पाको यांची गिंब्री (खर्जातले तीनतारी वाद्य), अल्लाल याला यांचा बँजो आणि डफासारखे बेंदीर यांच्या आवर्तनांतून समाधीसारखी तल्लीनता येते, आणि माझ्या मते तिथेच शब्द खोल रुजतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे, आता गिंब्रीचा खर्ज लक्षपूर्वक ऐकेन.