मागच्या गेटजवळचा धूर

अ-२०४: काल रात्री साडेअकराला मागच्या गेटपाशी परत पाला पेटवला होता. त्यात दुधाच्या पिशव्यासुद्धा. घरभर वास. बाबांची परवाच तिसरी केमो झाली, जठराचा कॅन्सर आहे. आयुष्यात कधी तंबाखू नाही, दारू नाही. हात जोडून सांगते, हे थांबवा.

क-५०१: बाबांना जपा बेटा. पण धुराचा त्रास फुप्फुसाला ना? पोटाशी काय संबंध?

ब-३०२ (डॉक्टर): आहे काका. धुराचे पुष्कळसे कण श्वासनळीतल्या कफात अडकतात, तो कफ वर घशाशी येतो आणि आपण नकळत गिळतो. दिवसभर हेच चालू असतं. अगदी सूक्ष्म कण तर थेट रक्तात उतरतात. कणांना चिकटलेली बेंझोपायरीनसारखी रसायनं पेशींच्या डीएनएला इजा करतात.

क-५०१: म्हणजे सिद्ध झालंय?

ब-३०२: फुप्फुसाचं पक्कं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्येच बाहेरच्या प्रदूषित हवेला तंबाखूच्या गटात बसवलं. जठर आणि यकृताबाबत, युरोपात लाखो लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत पीएम २.५ शी, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांशी, संबंध दिसलाय. मोठ्या आतड्याबद्दल अजून एकमत नाही. तंबाखू, मिश्री, दारू, जठरातला हेलिकोबॅक्टर जंतू ही कारणं मोठी आहेतच. ताई, एका माणसाला नेमका कशामुळे झाला हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या हातून काही चुकलं असं मनात आणू नका.

अ-२०४: रोज तेच येतं मनात. थँक्यू डॉक्टर.

ब-१०१: पीएम २.५ ची आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरभर हवेत ४० मायक्रोग्रॅम, जागतिक संघटनेची ५! रस्त्यावरची हवा आपल्या हातात नाही, पण कंपाउंडमधली आहे.

सेक्रेटरी: उघड्यावर कचरा जाळायला बंदीच आहे. आजपासून पूर्ण बंद. पाला झाडांच्या आळ्यात आणि खड्ड्यात. प्लास्टिक सुक्या कचऱ्यात, प्रत्येकाने घरूनच वेगळं द्यायचं.

अ-१०३: अहो, वॉचमनदादा थंडी वाजते म्हणून पेटवतात. मी विचारलं त्यांना. पहाटे केबिनमध्ये गार वारा शिरतो, खिडकीला काच नाही.

सेक्रेटरी: हे माहीत नव्हतं काकू. काच उद्याच बसवून घेतो.

अ-१०३: माझ्याकडे दोन घोंगड्या आहेत. संध्याकाळी खाली देते.

अ-२०४: काकू, थर्मास मी भरून देईन रात्री. बाबांसाठी जागीच असते.