वॉशला मराठीत काय म्हणायचं?

मृद्गंधा: एका लेखाचा अनुवाद करतेय. अठराव्या शतकातला चित्रकार फ्युसेली, त्याचं रेखाटन आहे, ढाल उगारलेला ग्रीक योद्धा आणि पायाशी कोसळलेला शत्रू. माध्यम दिलंय 'पेन, ब्राउन इंक आणि वॉश'. वॉशपाशी घोडं अडलं. 'तपकिरी शाईचे धावन' लिहिलं, तर संपादक विचारतात, यातला धावतोय कोण?

टाकभरशाई: दंतधावन चालतं ना त्यांना? संस्कृतात 'धाव्'चे दोन्ही अर्थ आहेत, पळणे आणि धुणे.

आडवातिडवा: कृपा करा. आर्ट स्कूलला आम्ही चार वर्षं वॉश 'मारला', धावन कुणी केलं नाही. धुणं म्हणजे मळ काढणं. इथे उलट आहे, शाईत भरपूर पाणी घालून ती कुंचल्याने पसरायची. ढालीखालच्या सावलीची कड बघा. ओल वाळताना शाई कडेला जमते आणि तिथे गडद रेघ राहते. टाकाने ओढलेली नव्हे, आपोआप आलेली.

मृद्गंधा: पण वाचक आर्ट स्कूलचे नाहीत हो. नुसतं 'वॉश' वाचून त्यांना गाडी धुणं आठवेल.

गोठण: आमचे वडील दिवाळीआधी भिंतींना चुन्याचे दोन हात द्यायचे, पहिला पातळ. 'शाईचा पातळ हात' लिहा की!

आडवातिडवा: योद्ध्याच्या चित्राखाली 'पातळ हात'? लोक त्याचे दंड बघत बसतील. शिवाय चुन्याचा हात भिंत झाकतो, वॉशमधून कागद दिसत राहतो. उजेड तिथूनच येतो. त्याच काळातला इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन, त्याची होमरच्या इलियड महाकाव्यावरची चित्रं १७९३ साली रोममध्ये छापली गेली, ती नुसत्या रेघेची आहेत. देखणी, पण सपाट. दोघांतला फरक एका शब्दात सांगायचा तर तो शब्द वॉशच.

जुनीपाटी: वॉशचं राहू द्या, 'तपकिरी शाई' कशी चालते? शाई आली स्याहीवरून, फारसीत सियाह म्हणजे काळा. तपकिरी काळं? 'मसी' म्हणा.

टाकभरशाई: मसी म्हणजे तरी काजळीच! आणि लाल शाई, निळी शाई बंद करणार का?

आडवातिडवा: गंमत म्हणजे त्या काळी युरोपात मायफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई सर्रास वापरत. ती लिहिल्यावर हवेने काळी होते, वर्षानुवर्षांनी तपकिरी पडते. ही तसली असेल तर फ्युसेलीच्या कागदावर आधी काळीच दिसली असणार. तेवढ्यापुरतं जुनीपाटींचं बरोबर.

गोठण: मायफळ म्हणजे बाळगुटीतलं? ते शाईत?

आडवातिडवा: तेच. ओक जातीच्या झाडावर किड्यामुळे येणारी गाठ. फळबिळ काही नाही.

जुनीपाटी: मायफळ नव्हे, माजूफळ.

गोठण: आमच्या आजीने सहाणेवर चार पोरांना उगाळून दिलं, मायफळ म्हणूनच. आता या वयात तिला दुरुस्त करू?

मृद्गंधा: मंडळी, मला उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.

जुनीपाटी: द्या की. पण माजूफळच.