मदत हवी आहे: १९६६ मस्टँगचे पुढचे ब्रेक सुटत नाहीत

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग, २८९ घनइंची व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक, पॉवर ब्रेक नाहीत. मूळ मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देतो तो) एकाच कप्प्याचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. घरच्यांना घेऊन फिरायचं म्हणून दोन कप्प्यांचा बसवला, पुढे ड्रम काढून डिस्क लावल्या. मागे ड्रमच आहेत.

पेडल छान कडक लागतं. पण दहा मिनिटं चालवली की पुढची दोन्ही चाकं जड होतात, जळका वास येतो. काल डावी डिस्क कडेने निळसर झालेली दिसली, जीव हळहळला.

रबरी होज नवे आहेत, हवा दोनदा काढली, कॅलिपरचे पिस्टन मोकळे आहेत, पेडलला थोडा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) आहे. चाक अडकलेलं असताना मास्टर सिलेंडरजवळचा पुढच्या ब्रेकचा नट सैल केला, तर जरासं ऑइल उडालं आणि चाक लगेच मोकळं झालं. म्हणजे दाब वरच अडकतोय.

हा नवा बसवलेला सिलेंडर चारही ड्रमवाल्या गाडीचा आहे. पुढच्या ब्रेकच्या पोर्टमध्ये, पितळी सीटच्या मागे, ड्रमसाठीचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावरही पाइपात थोडा दाब राखणारा) असावा असा माझा संशय आहे. सीट ओढून तो कुणी काढलाय का? की डिस्क-ड्रमचाच सिलेंडर घ्यावा, आणि पॉवर ब्रेकशिवाय त्याचा बोअर (आतला व्यास) किती ठेवावा?