दुकानाचा डेटा घरच्या लिनक्स सर्व्हरवर ठेवावा का?

सातरस्ता_डेबियन:
आमच्या चादरीच्या दुकानाची बिलं, जॅकार्डच्या (नक्षी विणायच्या मागाच्या) डिझाइनच्या फायली, घरचे फोटो, सगळं जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून ठेवलंय. माझं मत सरळ आहे, थोडंफार टर्मिनल (कमांड टाइप करून काम करणं) कळत असेल तर दुसऱ्याच्या सर्व्हरचं दरमहा भाडं भरत बसू नका. १५ वॅट चोवीस तास धरले तरी महिन्याला ११ युनिटच्या आत बसतं, आणि लाइट गेली तर लॅपटॉपची बॅटरी आहेच की.

अक्कलकोटरोड:
त्या बॅटरीवर विसंबू नका ओ. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याखालच्या खोलीत कायम चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगून टचपॅड वर उचललेला मी बघितलाय. शिवाय बरेच ब्रॉडबँडवाले सीजीनॅटमागं ठेवतात, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपी पत्ता, मग बाहेरून घरच्या सर्व्हरवर यायला राउटरवर पोर्ट (वाट) उघडून काही उपयोग होत नाही. सरळ छोटा व्हीपीएस (कंपनीच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर) घ्या.

सातरस्ता_डेबियन:
बॅटरीचं मान्य, बऱ्याच लॅपटॉपला ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती लावतो. पण सीजीनॅटचा एवढा बाऊ कशाला, दोन मशीन नेटवरून खाजगी वाटेनं जोडणारं वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे.

अक्कलकोटरोड:
अहो पण वायरगार्डला एका टोकाला तरी बाहेरून पोचता येईल असा पत्ता लागतो! आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, प्रत्येक मशीनला वेगळा मिळू शकणारा पत्ता) मिळत नसेल तर शेवटी व्हीपीएस आलाच ना.

बाळीवेस_ताई:
मशीन कुठं ठेवायचं यावरच भांडताय दोघं. व्हीपीएस घेतला तरी आतली सिस्टीम अपडेट करायचं काम आपलंच असतं, कंपनी फक्त हार्डवेअर आणि नेट बघते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मागचं दार (गुपचूप आत शिरायची सोय) सापडलं, तेही एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायची पद्धत) लॉगिनला जवळपास अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनं खोदून बघितलं म्हणून. डेबियनची पक्की आवृत्ती, म्हणजे स्टेबल, वापरणारे वाचले, टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीतल्या आवृत्त्यांमध्ये ते पॅकेज पोचलं होतं. म्हणून स्टेबलच ठेवा, अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट) चालू करा, पासवर्डनं लॉगिन बंद करून फक्त की (किल्लीसारखी फाइल) ठेवा. आणि बॅकअप दुसऱ्या घरी असू दे, त्यातली एखादी डिझाइनची फाइल अधूनमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढून खरंच उघडते का बघा.

अक्कलकोटरोड:
ताईंचं सगळं पटलं, तरी दुकानासाठी माझं मत तेच. हे सातरस्तावाले पुण्याला गेले आणि भर लग्नसराईत डिस्क गेली तर गल्ल्यावर बसलेले त्यांचे वडील काय करणार? व्हीपीएस असला तर निदान पुण्यात बसून हात घालता येतो.

सातरस्ता_डेबियन:
बिलांसाठी हा मुद्दा खरा आहे, बिलं हलवतो व्हीपीएसवर. फोटो आणि डिझाइन मात्र घरीच राहणार, आमची नक्षी दुसऱ्याच्या मशीनवर ठेवायला मन तयार होत नाही.