उत्साह ओसरल्यावर काय केलंत? वजन उतरवणाऱ्या नागपूरकरांचे अनुभव

रविनगर

दिवाळी उलटली की अंबाझरीच्या बाजूला, फुटाळ्यावर, सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे माणसं मावत नाहीत. नवे बूट, कानात गाणी, हातावर पावलं मोजणारं घड्याळ. होळीपर्यंत त्यातली निम्मी गळतात. एप्रिलच्या मध्यात उरतात ते वर्षानुवर्षं दिसणारे तेच चार चेहरे. आपल्या गावात त्याला कारणही आहे म्हणा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, सकाळी सातलाच ऊन अंगाला लागतं, आणि कूलरची हवा खऱ्या अर्थानं गार व्हायला लागते ती पहाटे. नेमकं तेव्हाच उठायचं.

म्हणून सुरुवातीच्या गोष्टी इथे नकोत. सुरुवात सगळ्यांची सारखीच असते: कुणाचा रिपोर्ट, कुणाचा लग्नातला फोटो, कुणाचा न बसणारा ब्लाऊज. मला पुढचं ऐकायचंय. काटा हलेना, घरचे वैतागले, तुम्हीही वैतागलात, त्यानंतर काय केलंत? जमलं नसेल तर तेही लिहा. पावडरी, काढे आणि पोटाचे पट्टे विकणाऱ्यांनी लांब राहावं.

माझं सांगतो. होळी ते मृग या काळात वजन उतरवायचंच नाही, फक्त वाढू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलंय. या दिवसांत घरात रस असतो, पाहुणे असतात, लग्नं असतात. पूर्वी एप्रिलमध्ये दोन किलो वाढले की मी सगळंच सोडून द्यायचो आणि पुन्हा सुरू करायला दिवाळी उजाडायची. आता उन्हाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्धा तास फेऱ्या मारतो. चौकीदार हसतो. रस खातो, पण त्या जेवणात पोळ्या कमी. जूनमध्ये काटा मार्चइतकाच असला तर मी खूश. खरं काम पावसाळा आणि हिवाळ्याचं.

महालची सून

आमच्याकडे सात माणसं आणि चूल एक. माझं वेगळं खाणं म्हणजे दोन स्वयंपाक, ते करणार कोण, तर मीच. पहिल्या आठवड्यात ओट्स केले तर सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, बरं नाही का तुले?" आजारी माणसाचं जेवण वाटलं त्यांना.

मग वेगळं शिजवणं बंद केलं आणि सगळ्यांच्याच फोडणीला हात घातला. कोणाला न सांगता. एक लिटर तेलात आठ हजारांहून जास्त कॅलरी असतात हे वाचल्यावर मी महिन्याचं तेल पहिल्या तारखेलाच एका बरणीत मोजून काढायला लागले. बरणीत दिसत राहतं ना, किती उरलं ते. वीस तारखेला तळाशी गेलं की मग झुणकाही कमी तेलाचा आणि वांगंही भाजून. घरात आजवर कोणी चव बदलली म्हणालं नाही. अपवाद वडाभाताचा. त्यावर वरून हिंगाचं कडकडीत तेल नसेल तर करूच नये, त्या दिवशी मी बरणीकडे बघत नाही. आणि हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की सांबारवडी होणारच, ती मी दोन खाते आणि मोजून दोन खाते.

टिकण्याचं कारण विचाराल तर सासूबाईच. त्यांना साखर आहे, त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मला सोबत पाठवलं. चिटणीस पार्कात आम्ही दोघी जातो. घरात जे बोलता येत नाही ते तिथे बोलून होतं, नणंदेपासून भाजीवाल्यापर्यंत. पाऊस असो की कंटाळा, त्या चप्पल घालून दारात उभ्या असतात. त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत नाही!

एक मात्र सांगते. जेवण कमी झाल्यावर त्यांना एकदा दुपारी घाम फुटून हात थरथरायला लागले. साखर उतरली होती. डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला. घरात साखरेची औषधं घेणारं कोणी असेल तर आधी विचारून घ्या.

जयताळा एक्सप्रेस

भाऊ, मी शाळेत पीटीच्या तासाले बी धावलो नाही. आमची चार पोट्ट्यायची गँग आहे, सगळे हिंगणा एमआयडीसीत शिफ्टवाले. ठरलं असं का जो ग्राउंडवर येणार नाही त्यानं रविवारी सगळ्यायले तर्री पोहे खाऊ घालायचे. आता सांगा, अशी शर्त लावल्यावर काय होईन? सगळे वाट पाहून राहिले का आज कोण दांडी मारते. एक झोपला का बाकीच्यायचे पोहे पक्के. चौघायचंही वजन वाढलं.

मग दंड बदलला. दांडी मारणाऱ्यानं मटकी भिजवून, मोड आणून, तिघायच्या घरी पोहोचवायची. सोताच्या हातानं. बायकोनं केलेली चालणार नाही, व्हिडिओ पाठवा लागते. त्याच्यानंतर दांड्या एकदम कमी झाल्या. पैसे द्याले माणूस तयार असते, मेहनत कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट रात्रपाळीची. घरी गेलो, गादी दिसली का खेळ खतम. म्हणून बूट डिक्कीतच राहते. गेटाच्या बाहेर पडलो का आधी ग्राउंड, मग घर. आणि रात्री दोन वाजता कँटीनमधला समोसा बोलावते, तवा डब्यात भाकर अन् झुणका असला तं वाचतो, नाही तं नाही.

तर्री पोहे सोडले नाही. टपरीवाल्याले म्हणतो चणे जास्त टाक, वरचं लाल नको. तो म्हणे, "मंग घरीच खा ना भाऊ."

ओपीडी नंबर ३

जयताळा, तुमचा मटकीचा दंड मी पेशंटना सांगणार आहे.

काटा अडतो म्हणून उत्साह जातो, ही माझ्याकडे येणारी सगळ्यात मोठी तक्रार. त्यामागचं गणित समजलं तर निदान राग तरी कमी येतो. सुरुवातीच्या पंधरा दिवसांत भरभर उतरतं त्यात पाणी बरंच असतं. शरीरात साठवलेली साखर वापरली जाते आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही जातं. पुढे वेग मंदावतो, लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. शिवाय ८५ किलोच्या माणसाला तेवढंच अंतर चालायला जितकी ऊर्जा लागते तितकी ७५ च्या माणसाला लागत नाही, आणि कमी खाणारं शरीर नकळत हालचालही कमी करतं. म्हणजे ज्या ताटानं सुरुवातीला वजन उतरत होतं तेच ताट आता वजन जागेवर ठेवतं.

उलट बाजूही बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रात्री सावजी खाऊन सकाळी काटा किलोभर वर गेला म्हणून लोक तोंड पाडून येतात. मी विचारतो, एका रात्रीत जेवणाव्यतिरिक्त ७७०० कॅलरी खाल्ल्यात? मीठ आणि पाणी आहे ते, दोन-तीन दिवसांत जातं. बायकांचं पाळीच्या आधी असंच होतं. रोज वजन करायचं तर एकाच वेळी करा आणि आठवड्याची सरासरी बघा. रोजच्या आकड्यानं ज्यांचा दिवस खराब होतो त्यांनी काटा माळ्यावर टाकावा, काही बिघडत नाही.

आपल्या लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ पासूनच जास्त धरतात, २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० च्या आत हवी. पण हे आकडे गाठेपर्यंत काहीच फायदा नाही असं समजू नका. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसायला लागतो. आणि घाई करू नका. झपाट्यानं उतरवलेल्या वजनानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते.

गडाच्या पायऱ्या

मी लिहावं की नाही कळत नव्हतं, कारण माझं वजन फारसं उतरलेलंच नाही. मानेवाड्याकडे एका छोट्या जिममध्ये वजनं उचलते. आत्या घरी आली की म्हणते, "पोट्टी पैलवान होऊन राहिली का?" आधी रडू यायचं, आता मी तिचीच बॅग तिसऱ्या मजल्यावर नेऊन देते.

काटा जवळपास तिथेच होता आणि मी सोडायच्या बेतात होते. तेव्हा ड्रेस शिवायला टेलर काकूंकडे गेले. त्यांच्या वहीत माझं जुनं माप होतं. त्यांनी नवीन घेतलं, वहीकडे पाहिलं, पुन्हा टेप लावला. कंबर बरीच आत आली होती. तेव्हापासून माझा काटा म्हणजे ती वही. काकू शिलाई न घेता माप घेतात, फक्त गप्पा मारायला बसावं लागतं.

घरमालकीण अंडी चालू देत नाही. सोयाबीनच्या वड्या, फुटाणे, दही, वरण यांच्यावर निभावते. मेसमध्ये डाळीतली डाळ शोधावी लागते, हे शिकणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. उपवास मात्र सोडले. साबुदाण्याच्या खिचडीत पोटभर कॅलरी आणि प्रोटीन म्हणाल तर दाण्याच्या कुटातलं तेवढंच.

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला गेलो होतो. अंबाळ्याच्या बाजूनं पायऱ्या चढताना दरवर्षी मी मध्ये बसायचे आणि बाकीचे माझ्यासाठी थांबायचे. यंदा मी वर जाऊन त्यांची वाट बघत होते. वजन तेच. मग मी काय समजायचं, उतरलं की नाही उतरलं?

ओपीडी नंबर ३

उतरलं. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीतही आहे, फक्त चालणं नाही. आत्यांनाही सांगा.

लेआउटमधली

आमचं घर अंबाझरी लेआउटमध्ये, तळमजला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला आणि पाणी घरात शिरलं. फ्रिज, गाद्या, मुलांची पुस्तकं, काही राहिलं नाही. त्याआधी माझं चालणं अगदी नियमित होतं. त्यानंतर कित्येक महिने वजन हा विषयच डोक्यात नव्हता. चिखल उपसला, पंचनामे झाले, भिंतींना ओल. नातेवाईक डबे पाठवायचे, आम्ही खायचो. रात्री पाऊस आला की झोप लागायची नाही आणि मी उठून काहीतरी चरायचे.

लोक म्हणतात मन खंबीर ठेवा. मन खंबीर नव्हतं, आणि मला ते ठेवायचंही नव्हतं. सुरुवात परत झाली ती फार लहानशी: जेवल्यावर कोपऱ्यापर्यंत जायचं आणि यायचं. दहा मिनिटंही नाही. वाढवायचं नाही असं मी स्वतःलाच बजावलं होतं, कारण वाढवलं की मोडतं. नंतर गल्लीतल्या बायका कोपऱ्यावर भेटायला लागल्या, त्यांचीही घरं तशीच भिजलेली. फेरी आपोआप लांबली. आजही माझा नियम कोपऱ्याचाच आहे. त्यापुढचं सगळं वरकड. पावसाळ्यात थोडं वजन वाढतं माझं. त्यावर मी काही करत नाही.

मिहानी

मला जमलेलं नाही. मिहानमध्ये आयटीत आहे, कॉल अमेरिकेच्या वेळेचे, जेवण रात्री एकला आणि तेही मोबाईलवरून मागवलेलं. जिमची वर्षभराची फी भरून झाली. एकदा चांगलं आठेक किलो उतरवलं होतं, लग्नाच्या सीझनमध्ये सगळं परत आलं, वर दोन किलो व्याज. इथले अनुभव वाचून बरं वाटलं आणि थोडी चिडचिडही झाली, कारण सगळ्यांकडे कोणी ना कोणी आहे. सासूबाई, गँग, टेलर काकू. मी एकटा राहतो. आई-बाबा यवतमाळला. एकट्यानं कसं टिकवायचं?

ऑफिसात दोघांनी वजनाची इंजेक्शनं सुरू केलीत. तेही डोक्यात आहे.

ओपीडी नंबर ३

इंजेक्शनांबद्दल एवढंच, ती डॉक्टरांनी तपासून चिठ्ठीवर द्यायची औषधं आहेत. काहींना खरंच उपयोगी पडतात. पण चरबीसोबत स्नायूही कमी होतात, त्यामुळे प्रोटीन आणि व्यायाम सुटत नाही, आणि बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं. मित्राकडून घेऊन टोचू नका. थायरॉइड आणि साखर एकदा तपासून घ्या, आणि जेवणाची वेळ आधी ओढा. रात्री एकऐवजी कॉल सुरू व्हायच्या आधी जेवण. बाकी नंतर.

रविनगर

मिहानी, एकट्याचा प्रश्न खरा आहे. बायको माहेरी गेली की मीसुद्धा बिस्किटांवर राहतो. मला जमलेली एक गोष्ट: भूक लागायच्या आधी फोडणीचं वरण आणि भात शिजवून ठेवतो. मागवायला उशीर लागतो आणि वरणभात समोर असतो, इतकंच त्यामागचं शहाणपण. बाहेरून मागवणं आठवड्याला दोनदा, वार ठरलेले.

महालची सून

आणि भाऊ, आईला रोज ताटाचा फोटो पाठवा. काही सांगू नका, नुसता फोटो. माझा भाऊ पुण्यात आहे, तो पाठवतो. आई दोन शब्दांत निकाल लावते.

जयताळा एक्सप्रेस

मिहानी भाऊ, तू राहते कुठं? खामल्याकडं असशीन तं जिम-फिम सोड, आमच्यात ये. आमचा एक मेंबर बदली होऊन चाकणले गेला, जागा खाली आहे. तुझा कॉल रात्री संपते, माझी रात्रपाळी सकाळी संपते, म्हणजे आठ-साडेआठले दोघंबी जागेच. थंडीपर्यंत उन्हात थोडं शेकून निघू. नवे बूट घेत बसू नको, आहे त्याच्यात ये. मटकी मात्र आतापासून आणून ठेव.